गिअर नेमका अडतो कुठं?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. सकाळी सातलाच पुतण्या विजापूर रोडवरच्या आमच्या घरी गाडी घेऊन आला. दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार, सेकंडहँड, सहा महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेनं घेतलेली. "काका, दुसरा पडतच नाही बघा. दांडी कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी वाटते. रिव्हर्स टाकताना तर कर्रकन आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल."

लागेलही कदाचित. पण आधी विचारायला हवेत असे तीन-चार प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. मी बरीच वर्षं मुलांना ऑटोमोबाइल शिकवलंय. गिअर जड पडणं ही तक्रार हाताला जाणवते, पण जडपणा दांडीच्या जोडांतून येतोय, क्लचमधून येतोय, तेलातून येतोय की आतल्या पितळी रिंगेतून, हे हाताला कळत नाही. ते वेगळं करायला पाना लागत नाही. गाडी कधी अडते आणि कधी अडत नाही, एवढं नीट पाहायचं.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून. उभ्या गाडीत क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहिला. एखाद्या वेळी दात दातावर येऊन गिअर शिरत नाही, तेव्हा गाडी वीतभर ढकलायची की शिरतो. आमचे सहाच्या सहा गिअर पडले, कुठं अडकले नाहीत. फक्त सगळेच थोडे घट्ट. त्याचं कारण लगेच सापडलं. आधीच्या मालकानं 'शॉर्ट शिफ्टर' बसवला होता; त्यात दांडी कमी हलवावी लागते. गिअरची दांडी म्हणजे शेवटी तरफच. हाताचा प्रवास ३० टक्क्यांनी कमी केला, तर त्याच कामाला जोर सुमारे ४३ टक्के जास्त लागतो. याला दोष म्हणता येणार नाही, पण बाकी सगळे दोष तो हाताला दीडपट मोठे करून दाखवतो. अशा गाडीत मालकाला निदान चुकीचं वाटण्याची शक्यता त्यामुळंच वाढते.

आता इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबला, मनात तीन आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. कर्रर्र. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला गती जुळवणारी पितळी सिंक्रो रिंग नसते, म्हणून रिव्हर्स खरं बोलतो. क्लच खरोखर सुटला, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं झालं असेल तर आतला शाफ्ट दोन-तीन सेकंदांत थांबतो आणि गिअर गुपचूप शिरतो. आवाज आला याचा अर्थ शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे पाय खाली असूनही इंजिन त्याला थोडंथोडं ओढतंय. मग पुतण्याला क्लच पटापट दोनदा दाबून तिसऱ्यांदा धरायला सांगितलं. या वेळी रिव्हर्स आवाज न करता पडला.

एवढ्यानं शोध निम्मा झाला. या गाडीत क्लचला केबल नाही, ब्रेकसारखंच ऑइल आहे. पायाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप. पाय १२-१५ सेंटिमीटर खाली जातो, तेव्हा दुसऱ्या टोकाला क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागं सरते. तेवढ्या फटीत क्लच प्लेट मोकळी व्हायची असते. द्रव दबत नाही, हवा दबते. पाइपात हवेचा लहानसा बुडबुडा असला, की पायाचा काही प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि फट अपुरी पडते. दोनदा पंप केल्यावर ही कसर तात्पुरती भरून निघते. पाइपात हवा असल्याची किंवा कुठंतरी गळती असल्याची ही जुनी, भरवशाची खूण. क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकली असती, किंवा शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग धरलं असतं, तर पंप करून काही फरक पडला नसता.

गाडीखाली वाकून पाहिलं, तर स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट ओलं होतं. आतलं सील गेलेलं. वरच्या डबीतलं ऑइल चहासारखं काळपट. क्लच-ब्रेकचं हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी शोषल्यावर त्याच दर्जाची हमी १५५ अंशांवर येते. पाणी आतून सिलिंडर गंजवतं, खरबरीत झालेला सिलिंडर सील खातो. कित्येक मालक ब्रेकचं ऑइल बदलतात आणि क्लचचं तसंच ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. होटगी रोडच्या एका मिस्त्रींनी सिलिंडरला नव्या सीलचं किट टाकलं, नवं ऑइल भरून एअर काढली. जाता जाता त्यांनी पेडलखालची जाड मॅटही उचलून मागं टाकली. क्लच पेडल तळाला टेकायच्या आधीच मॅटला टेकत असेल, तर नव्या सिलिंडरचाही उपयोग नाही.

रिव्हर्स शांत झाला. दुसरा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडला. पण आता तक्रार अगदी नेमकी झाली होती: फक्त दुसरा, फक्त गार गाडीत. मोहोळपर्यंत जाऊन परत येईतो तोच गिअर बऱ्यापैकी सहज पडत होता. क्लचचा दोष असता तर सगळ्याच गिअरांना जाणवला असता.

इथं गिअरबॉक्सच्या आत डोकवायला हवं, कारण त्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. आपण दांडी हलवतो तेव्हा गिअर सरकून एकमेकांत शिरतात, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गाडी पुढं नेणाऱ्या गिअरांच्या जोड्या सदोदित एकमेकींत अडकलेल्याच असतात. शाफ्टवर त्या मोकळ्या फिरतात. दांडी फक्त एक स्लीव्ह सरकवून हव्या त्या गिअरला शाफ्टशी कुलूप लावते. अडचण एवढीच, की कुलूप लावायच्या क्षणी दोघांची गती सारखी नसते. समजा पहिल्याचं गुणोत्तर ३.६ आणि दुसऱ्याचं २.१ आहे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना गिअर बदलला, तर गाडीचा वेग तोच राहून आतल्या शाफ्टला ३५०० फेऱ्यांवर यावं लागतं. २५०० फेरे कमी करायचे, तेही पापणी लवते तेवढ्या वेळात.

हे काम पितळी सिंक्रो रिंग करते. धावती एसटी पकडणारा माणूस आधी एसटीच्या बरोबरीनं धावतो आणि मगच दांड्याला हात घालतो. रिंग तेच करते. तिच्या आतला भाग शंकूसारखा असतो, साधारण साडेसहा अंशांच्या उताराचा. उतार कमी असल्यानं ती पाचरीसारखी बसते आणि हाताचा जोर शंकूच्या पृष्ठभागावर जवळपास नऊपट होऊन पोचतो. त्या घर्षणानं गिअर, क्लच प्लेट आणि त्यांच्यासोबत फिरणारं सगळं मंदावतं. गती जुळेपर्यंत रिंगेचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात. पुतण्याला "कुणीतरी आतून धरलंय" वाटत होतं, ते अगदी बरोबर होतं. तो अडसर मुद्दामच ठेवलेला असतो. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेश रचना आली; त्याआधी गती जुळवण्याचं काम चालकाच्या पायाला करावं लागे. आपल्याकडचे जुने ट्रकड्रायव्हर डबल क्लच मारतात, तो याचाच वारसा.

स्पोर्ट्स कारमध्ये या रिंगा लवकर का झिजतात, याचंही उत्तर यातच आहे. गिअर बदलताना रिंगेवर पडणारी उष्णता गतीतल्या फरकाच्या वर्गाप्रमाणं वाढते. ३०००ला बदलला तर फरक १२५० फेऱ्यांचा, ६०००ला बदलला तर २५०० फेऱ्यांचा. फरक दुप्पट, उष्णता चौपट. त्यात क्लच नीट सुटत नसेल तर रिंगेला इंजिनाशीच झुंजावं लागतं. पुतण्याच्या गाडीतलं गळकं सील किती दिवस दुसऱ्याची रिंग खात होतं, कोण जाणे.

आणि तेल? रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात. शंकूवरचा तेलाचा थर त्या खाचांतून बाहेर पडला तरच पितळ पोलादाला धरतं. तेल जाड असेल तर थर फुटायला वेळ लागतो आणि तोवर दांडी अडून राहते. गाडी तापली की तेल पातळ होतं, गिअर सुटतो. आम्ही ड्रेन बोल्ट उघडला, तर तेल गुळाच्या काकवीसारखं संथ उतरलं. कुणीतरी एकशेचाळीस नंबरचं जाड तेल भरलं असावं. बेअरिंगचा आवाज दबावा म्हणून असं करतात. बोटांत चोळल्यावर उन्हात सोनेरी चकाकी दिसली. ती पितळाची भुकटी.

मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं तेल भरलं. दुकानात जीएल-५ पुढं केलं गेलं, "वरचा नंबर आहे, चांगलंच असणार" म्हणून. हा समज गाड्यांचं नुकसान करतो. जीएल-५ हे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरांसाठी. दात एकमेकांवर जोरानं घसरतात तिथं टिकावं म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगं जास्त असतात. सिंक्रो रिंगेला मात्र घर्षण हवं असतं, आणि त्यातल्या काही तेलांची संयुगं तांब्याच्या मिश्रधातूंना खातातही. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय, त्यात तेच घालावं.

आता सकाळी दुसरा पडतो. अगदी पहिल्या एक-दोन वेळा किंचित अडतो, मग नाही. रिंग झिजलेली आहे, भुकटी झालेलं पितळ परत येणार नाही, आणि केव्हातरी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तोवर पुतण्या सात रस्ता चौक ओलांडेपर्यंत दोन हजारांच्या वर इंजिन नेत नाही, आणि दुसऱ्यात टाकताना दांडी न्यूट्रलपाशी क्षणभर थांबवतो.