किलोभर पन्नी, लिटरभर पेट्रोल?

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पारावर वाद रंगलाय: प्लास्टिकपासून इंधन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत संत्र्याचे पैसे घालावे की नाही. बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमी एक्का जुनाच. "किलोभर पन्नीतून लिटरभर पेट्रोल निंगते ना भाऊ!"

नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांच्या प्लास्टिकपासून इंधन करण्याच्या प्रयोगाच्या बातम्या आल्या, तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, हे वाक्य आपल्याकडे फिरतंय. प्रयोग खरा होता. लिटरचं मापही अगदीच थाप नाही. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे किलोभर स्वच्छ पॉलिथिनमधून 750-800 ग्रॅम तेल निघालं तरी लिटर जवळपास भरतो. फसगत आहे ती 'पेट्रोल' या शब्दात. हवेशिवाय 400-500 अंशांवर प्लास्टिक तापवून वाफ थंड केली की मिळते पेट्रोल, डिझेल आणि मेण यांची खिचडी. भट्टीला चालेल, फटफटीत घालायचं तर आधी शुद्धीकरण, त्याचा खर्च वेगळा.

आणि 'स्वच्छ' माल आणायचा कुठून? ठिबकच्या जुन्या नळ्या उत्तम, खताची पोतीही चालतात. पण मल्चिंगच्या कागदाला, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकला, माती चिकटलेली. पीव्हीसी पाइप गेला तर आम्लाची वाफ सुटून यंत्रच खाते. पाण्याच्या बाटलीतून तेल नगण्य, उलट यंत्राच्या नळ्या तुंबवणारी भुकटी. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या चालतील म्हणा, पण वेचणार कोण?

तेव्हा कंपनीला लिटर विचारू नका. कोणतं प्लास्टिक, कोणत्या भावानं येतं आणि तेल विकत घेतं कोण, ते विचारा.