फाउंडेशन गेलंय, पण कुठलं?

जुन्या गाडीत पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘धाड’ असा आवाज येतो आणि बाजूला उभा असलेला कुणीतरी लगेच निदान सांगून मोकळा होतो: फाउंडेशन गेलं. फाउंडेशन म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर ज्यावर टेकतं तो रबरी आधार. निदान बरोबर असतं, पण अर्धंच. इंजिनाचं फाउंडेशन वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. हातात घेतली तर दोन्ही भावंडंच वाटतात. दोन पत्र्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर आणि बाहेर आलेले बोल्ट, एवढाच ऐवज. काम मात्र दोघांचं निराळं असतं. त्यामुळे चुकीचं बदललं की पैसे जातात आणि आवाज राहतो.

फियाट ११०० किंवा अ‍ॅम्बॅसेडरच्या पिढीतल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून एकच धूड झालेलं असतं आणि ते तीन ठिकाणी टेकतं. पुढे इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक रबर, मागे गिअरबॉक्सखाली सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे क्रॉस मेंबरवर, तिसरं. वजन तिघंही उचलतात, पण फाउंडेशन फाटतं ते नुसत्या वजनाने नाही, पिळामुळे.

इंजिन चाकांना फिरवतं तेव्हा ते स्वतः उलट दिशेने कलंडू पाहतं. ड्रायव्हरच्या जागेवरून बघितलं, तर बहुतेक गाड्यांत पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू वर उठते आणि उजवी खाली दबते. हा पिळ इंजिनाच्या टॉर्कएवढा (फिरवण्याच्या जोराएवढा) नसतो, तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या टॉर्कएवढा असतो. इंजिनाचा टॉर्क ८ किलोग्रॅम-मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ धरा, म्हणजे पिळ ३२ झाला. पुढची दोन रबरं एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर असतील तर डाव्या रबरावरचा भार ६४ किलोने हलका होतो आणि उजव्यावर तेवढाच चढतो. डाव्यावर एरवी पन्नास-साठ किलो वजन असेल, तर ते सगळं जाऊन रबर उलट ओढलं जायला लागतं. रबराला दाब मानवतो. ताण नाही, आणि पत्र्याला चिकटवलेल्या जोडाला तर मुळीच नाही. म्हणून डावं फाउंडेशन सहसा आधी सुटतं. तरी बदलताना पुढची जोडी एकदमच बदलावी.

हे किती महागात पडू शकतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६५ ते १९६९ मधल्या शेव्हरोले गाड्यांची इंजिन फाउंडेशन्स फाटत होती. इंजिन उचललं गेलं की अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारी झडप, उघडाच अडकायचा. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय केला, तर इंजिन ठरावीक उंचीपलीकडे उठू नये म्हणून एक तार बांधून दिली.

गिअरबॉक्सखालचं रबर मधोमध बसतं. पिळाला आवरायला त्याच्याकडे रुंदीच नसते. त्याचं काम गिअरबॉक्सचं मागचं टोक, म्हणजे शेपूट, जागेवर ठेवण्याचं. ते दबलं की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन बदलतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस कुरकुरायला लागतो आणि ठरावीक वेगाला सीटखाली थरथर जाणवते. स्टिअरिंगवर गिअर असलेल्या गाड्यांत आणखी एक त्रास होतो. दांड्यांचं एक टोक बॉडीला आणि दुसरं गिअरबॉक्सला, त्यामुळे शेपूट खाली बसली की गिअर अडखळत पडतो, कधी सुटूनही येतो. मग गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकण्याआधी खाली वाकून हे एक रबर बघा. बहुतेकदा ते तेलाने फुगून लिबलिबीत झालेलं असतं, कारण मागचं ऑइल सील गळलं की तेल नेमकं तिथेच उतरतं आणि साधं रबर खनिज तेलापुढे टिकत नाही. सील न बदलता नवं रबर घालणं म्हणजे वर्षभराने तेच काम पुन्हा काढणं.

जर्क आणि क्लच सोडतानाची थडथड मात्र दोन्हींमुळे होऊ शकते, म्हणून तपासणी वेगवेगळी करायची. पुढच्यासाठी चाकांना ओट (अडवायला ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर घट्ट ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडासाच सोडा. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे अजिबात नाही. डावी बाजू बोटभर उठली तर डावं रबर गेलं. रिव्हर्समध्ये पिळ उलटा होतो, तेव्हा उजवं दिसतं. मागच्यासाठी गाडी स्टँडवर घेऊन गिअरबॉक्सच्या शेपटीखाली लाकूड आणि जॅक लावून जरासं उचला. पत्रा आणि रबर यांच्यात फट दिसली की उत्तर मिळालं.

सगळ्याच जुन्या गाड्या हे गणित पाळत नाहीत. फोर्ड मॉडेल ए मध्ये मागचे आधार फ्लायव्हील हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावरच्या कवचाच्या, दोन बाजूंना असतात. तिथे गिअरबॉक्सचं वेगळं फाउंडेशन शोधत बसू नये. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये आणि १९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेत प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असायचा आणि मागच्या चाकांचा पुढे ढकलण्याचा जोर त्या नळीतून गिअरबॉक्सकडे यायचा. अशा गाडीत मागचे आधार अख्खी गाडी ढकलत असतात. फियाट-अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ते काम मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) करतात. १९३१ च्या प्लिमथने तर पुढचा आधार वर, पाण्याच्या पंपाखाली नेला, मागचा गिअरबॉक्सखाली ठेवला आणि पिळ आवरायला बाजूला एक पाटा दिला. चार सिलिंडरचं इंजिन त्यामुळे इतकं मऊ चालायचं की सित्रोएनने परवाना घेऊन ती रचना आपल्या गाड्यांत आणली आणि तिची जाहिरात हंसाच्या चिन्हाने केली. विलीज जीपमध्ये इंजिन पुढे सरकू नये म्हणून वेगळी पोलादी तार असते. क्लचची दांडी चासी (गाडीचा सांगाडा) आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टेकलेली असल्याने इंजिन हललं की क्लच आपोआप कमी-जास्त दाबला जातो. ती तार बिनकामाची समजून काढून टाकलेल्या जीपा पुष्कळ दिसतात!

आता बसवणं. जॅक थेट चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, लावला तर पत्रा चेपतो आणि आतल्या पंपाच्या जाळीला टेकू शकतो, म्हणून मध्ये जाड फळी हवी. इंजिन उचलण्यापूर्वी रेडिएटरचे पाइप, सायलेन्सरचा पाइप आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ताणली जात नाही ना ते बघायचं. सगळे बोल्ट आधी हातानेच लावायचे, एकही आवळायचा नाही. जॅक काढून वजन रबरांवर येऊ द्यायचं, इंजिन थोडं हलवून स्थिर होऊ द्यायचं, मग आधी पुढची जोडी आणि शेवटी मागचं रबर आवळायचं. उलट क्रमाने केलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. मागची भोकं जुळली नाहीत तर कानस घेऊन ती मोठी करू नका, पुढचं रबर चुकीच्या उंचीचं किंवा बाजू बदलून बसलेलं असतं. पंख्याचं पातं आणि रेडिएटर यांच्यातली फट हाताने चाचपली की ते कळतं.

बाजारात मिळणारं टायरसारखं कडक रबर जास्त टिकतं हे खरं. पण मग प्रत्येक थरथर बॉडीत उतरते आणि आरशात मागची गाडी नाचताना दिसते. दुसऱ्या गाडीचं फाउंडेशन बसवायला चासीवर वेल्डिंग करणं तर टाळाच: जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे.

आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी परत लावायला विसरू नका. रबरातून वीज जात नाही. पट्टी राहिली तर स्टार्टरचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धूर येतो.