आरएनए आयुष्यभर अंगात राहतो? तो तर घामालाही टिकत नाही

परवा भुसावळजवळच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता एक काका तेच जुनं बोलले, "कोरोनाची लस आरएनएची. आयुष्यभर अंगात राहते अन् डीएनए बदलते."

आधी हे सांगतो, आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन. दोन्ही आरएनए लसी नाहीतच.

आणि आरएनए म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं हे पेशीला सांगणारी चिठ्ठी, भलतं नाजूक प्रकरण. डीएनएपेक्षा त्याच्या साखळीतल्या साखरेवर ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो. तोच घरभेदी! संधी मिळाली की शेजारचा सांधा तोडतो. वर आरएनए कापणारी विकरं (एन्झाइम) आपल्या कातडीवर, घामातही असतात. प्रयोगशाळेत हातमोजे घालतात ते नमुना आपल्यापासून वाचवायलाही. पेशीला हा नाजूकपणा हवाच असतो. निरोप वाचून चिठ्ठी फाडली नाही, तर तेच प्रथिन बनत राहील.

म्हणून तर फायझरची आरएनए लस सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावी लागे. जळगावच्या मे महिन्यात कल्पना करा! कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये आरएनएतला युरिडिन हा घटक बदलून, बाहेरून दिलेल्या आरएनएवर उठणारा प्रतिकारशक्तीचा भडका टाळला. 2023 चं नोबेल त्याचंच.

तरी लसीतला बहुतांश आरएनए काही दिवसांतच मोडतो. लसिका गाठींत (लिम्फ नोड) त्याचे अंश काही आठवडे सापडलेत, हे खरं. पण डीएनए असतो पेशीच्या केंद्रकात, आणि या आरएनएचं काम चालतं केंद्रकाबाहेर.

काकांनी वांगं उलटवलं. "मग माझे गुडघे कशानं दुखता?"