दगडाला पाणी कधी घालायचं?

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात गर्दी असते ती गुलाबांपाशी. मी तिथून एका छोट्या कुंडीत दोन करडे दगड घेऊन आले. दगड म्हणजे लिथॉप्स, दगडासारखी दिसणारी मांसल वनस्पती. बोराएवढा आकार आणि मधोमध एक चीर. रोज सकाळी मी त्यावर चमचाभर पाणी सोडायचे. आई म्हणायची, "दगडाला कसलं पाणी घालतेस?" थट्टेतच म्हणायची, पण बरोबर तीच होती. फेब्रुवारी संपेपर्यंत दोन्ही दगड लिबलिबीत झाले.

ही वनस्पती दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या, खडकाळ पठारांवरची. 1811 साली विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाने तिथे विचित्र आकाराचा खडा म्हणून जे उचललं, ते झाड निघालं. झाड म्हणजे तरी काय, दोन मांसल पानांची एक जोडी आणि खाली मूळ. मायभूमीत हे झाड जवळजवळ सगळं जमिनीत गाडलेलं असतं. वर दिसतो तो फक्त माथा आणि तो अर्धपारदर्शक असतो. त्या खिडकीतून ऊन आत उतरतं आणि पानांच्या जमिनीखालच्या भिंतींमधल्या हरितद्रव्यापर्यंत पोहोचतं. तळघराला झरोका असावा तसं.

माझी चूक जानेवारीची होती. थंडीत चिरेच्या आत नवी जोडी तयार होत असते आणि तिला लागणारं पाणी जुन्या पानांतून मिळतं. जुनी पानं सुरकुततात, कागदासारखी होतात, मग नवी जोडी त्यांना फाडून बाहेर येते. अशा वेळी वरून पाणी दिलं की जुनी पानं सुकायचं नावच घेत नाहीत. नवी आत घुसमटते, पुष्कळदा सगळंच सडतं. म्हणून जुनं पान बोटात कुरकुरेपर्यंत, मग त्याला मार्च-एप्रिल उजाडला तरी, पाण्याचा थेंबही नाही.

पाणी इतकं पुरवून वापरता येतं कसं, याचं उत्तर आपल्या पानफुटीतही सापडतं. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतातच पानफुटीची पानं चाखून पाहिली आणि 1815 साली त्यांचं निरीक्षण छापून आलं: पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव. ही झाडं पानांवरची रंध्रं रात्री उघडतात, गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रं बंद करून त्याच साठ्यावर अन्न बनवतात. चाखण्याची गरज नाही. पहाटे आणि दुपारी एकेक पान ठेचून शाळेतली पीएच पट्टी लावा, फरक दिसेल.

लिथॉप्सही याच पंथातला. त्यामुळे रात्र गार हवी. मे महिन्यात पुण्यातली रात्रही तापलेली असते, तेव्हा तो गप्प पडून राहतो. आणि मग येतो पावसाळा. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. काही लिथॉप्स जिथे वाढतात तिथे वर्षभरात शंभरही पडत नाही. हवा दमट, ऊन नाही, माती ओली, मुळांना प्राणवायू नाही: बुरशीला आणखी काय हवं? काळ्या मातीचं तर नावच नको, ती पाणी धरून फुगते. मी चाळलेला मुरूम, विटांचे खडे आणि जाड वाळू वापरते, मातीच्या भोकाच्या कुंडीत. जूनमध्ये कुंडी पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी.

आपला पाऊस सोसणारं मांसल झाड हवं तर ते शिवनेरीच्या कड्यावर आहे: शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ते ठेवलं. पावसाळ्यात तिला पानं फुटतात, ती साध्या झाडांसारखी दिवसा श्वास घेतात. कोरड्या दिवसांत पानं गळतात आणि रसाळ खोड रात्रपाळी सुरू करतं. एकाच झाडात दोन्ही पद्धती! ती दुर्मीळ आहे, तेव्हा कड्यावरून उपटून आणायचा मोह कृपया टाळा.

लिथॉप्सकडे असली दुहेरी सोय नाही, म्हणून वेळापत्रक आपल्यालाच सांभाळावं लागतं. पाणी द्यायचं ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून, तेही माथ्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या तरच. एकदा भरपूर द्यायचं, खालून निथळू द्यायचं आणि पंधरा दिवस विसरायचं. माझी तिसरी कुंडी गेल्या ऑक्टोबरात फुलली. दुपारी चारच्या सुमारास चिरेतून शेवंतीसारखं पिवळं फूल उमललं, झाडाहून मोठं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "आता घाल पाणी."