कादंबरीला न्याय मिळाला का? सोलापूरच्या प्रेक्षकांच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला आणि पुढचे काही आठवडे सोलापुरात चार माणसे जमली की, मग तो पार्क चौकातला चहाचा गाडा असो की लग्नाची पंगत, बोलणे फिरून एकाच प्रश्नावर येत असे. शिवाजी सावंतांच्या कादंबरीला चित्रपटाने न्याय दिला का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत कादंबरी दोनदा वाचलेले होते, विद्यार्थिदशेत अर्धी वाचून ठेवलेले होते आणि पुस्तक कधी हातीही न घेतलेले होते. तरीही प्रत्येकाचे मत ठाम होते आणि प्रत्येकाच्या तोंडी 'न्याय' हाच शब्द होता. साहित्यकृतीवरून केलेल्या चित्रपटाबद्दल बोलताना मराठी माणूस सहसा 'जमला' किंवा 'फसला' एवढ्यावर थांबत नाही, तो न्यायाची भाषा बोलतो. ही भाषा कशी घडत गेली आणि तिचा अर्थ गेल्या पाऊणशे वर्षांत कसा बदलला, हे सोलापूरसारख्या शहरातून पाहिले की बरेच स्पष्ट होते, कारण या कथेतली काही महत्त्वाची माणसे याच जिल्ह्यातली आहेत.

सुरुवात पुस्तकाने झाली नाही, माणसांनी झाली. १९४६ आणि १९४७ या लागोपाठच्या दोन वर्षांत व्ही. शांतारामांच्या राजकमल कलामंदिराने सोलापूरच्या दोन सुपुत्रांवर चित्रपट काढले. पहिला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ साली तिथेच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकावरून हा चित्रपट बेतला होता आणि कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली होती. दुसरा 'लोकशाहीर राम जोशी'. पेशवाईच्या उत्तरार्धातला हा शाहीर सोलापूरचा. ब्राह्मण घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला आणि त्याच्या लावण्यांनी पुढे शतकभर लोकांना वेड लावले. बाबूराव पेंटर आणि शांताराम यांच्या दिग्दर्शनातल्या या चित्रपटात जयराम शिलेदारांनी राम जोशी उभा केला आणि त्यातली गाणी गदिमांची होती. या दोन्ही चित्रपटांपुढे बसलेल्या सोलापूरकराला पुस्तकाशी ताडून पाहायचे नव्हते, त्याला आपला माणूस नीट दाखवला आहे का हे पाहायचे होते. न्यायाच्या प्रश्नाचे मूळ रूप हे असे आपलेपणाचे आहे, असे मला वाटते. पुस्तक त्यात नंतर आले.

आणि ते आले तेही आईच्या रूपाने. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात श्याम आपल्या आठवणी रात्रीमागून रात्र सांगत जातो, अशा बेचाळीस रात्री आहेत. तीन तासांत त्या सगळ्या मावणे शक्यच नव्हते. तरीही कोणती रात्र गाळली याची तक्रार मी आमच्या घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून कधी ऐकली नाही. त्यांना आठवत असे ती वनमालांची आई आणि माधव वझे यांचा श्याम. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा 'श्यामची आई' केली, तीही कृष्णधवल रंगात, तेव्हा मात्र तुलना झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ती पुस्तकाशी कमी आणि अत्र्यांच्या चित्रपटाशी जास्त झाली. सत्तर वर्षांत रूपांतर हेच मूळ होऊन बसले होते.

या प्रश्नाला खरी धार आणली ती सत्तरच्या दशकाने, आणि त्यात पंढरपुरात जन्मलेल्या व सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेल्या डॉ. जब्बार पटेलांचा वाटा फार मोठा आहे. १९७७ साली त्यांनी गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' पडद्यावर आणली. १९७९ साली अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा बांधली आणि तिचा 'सिंहासन' झाला. १९८२ साली शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून 'उंबरठा' आला. सहा वर्षांत तीन कादंबरीकार आणि तीन अगदी वेगळ्या रीती. पहिल्या चित्रपटात कादंबरीतले ठाकरांचे जग ना. धों. महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी गाण्यातून फुलले. दुसऱ्यात दोन पुस्तकांचे धागे एकत्र विणले गेले. मला सर्वांत जास्त शिकवले ते तिसऱ्याने, आणि तेही केवळ नावाने. 'बेघर' हा शब्द गोष्टीचा शेवट सांगतो, बाई कुठे पोचली ते सांगतो. 'उंबरठा' हा शब्द ती क्षणभर जिथे थबकते ती जागा दाखवतो. नाव बदलताच प्रेक्षकाची दया मागे पडली आणि सुलभा महाजनचा निर्णय पुढे आला. पुस्तकाशी प्रामाणिक राहणे म्हणजे त्यातली अक्षरे जपणे नव्हे, हे या एका बदलातून जितके कळते तितके कोणत्याही चर्चासत्रातून कळणार नाही. कादंबरीचे नाव बदलले म्हणून आज जो वाचक रागावतो, त्याने 'उंबरठा' पाहून मग 'बेघर' वाचावी, असे मी आग्रहाने सांगत असतो.

दूरदर्शनने आणखी एक गुंता वाढवला, तो चेहऱ्याचा. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ सालची. दोन दशके प्रत्येक वाचकाने आपापला माधवराव मनात घडवला होता. ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांच्या दिग्दर्शनाखाली मालिका आली आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव यांच्या रूपाने माधवराव आणि रमाबाई घराघरांत पोचले. त्या काळी आमच्या गल्लीत दूरचित्रवाणी संच मोजक्या घरांतच होते, त्यामुळे मालिका पाहायची ती दुसऱ्याच्या ओसरीत, सतरंजीवर, वीसेक माणसांसोबत, आणि भाग संपला की तिथेच बसल्या जागी चर्चा. आमच्या शेजारच्या आजी 'स्वामी' पाठ असल्यासारखी वाचलेल्या होत्या. पहिल्या भागानंतर त्या म्हणाल्या होत्या, की माझा माधवराव याहून सावळा आहे. मालिका संपेपर्यंत मात्र त्यांचा माधवराव मंकणींसारखाच दिसू लागला होता आणि हे त्यांनी स्वतःच कबूल केले. मालिकेनंतर पुस्तक वाचणाऱ्या माझ्या पिढीला तर मनात दुसरा चेहरा घडवण्याची संधीच मिळाली नाही. आज एखाद्या कलाकाराची निवड जाहीर होताच चाहते जो वाद घालतात, त्याच्या मुळाशी हीच धास्ती आहे, आणि ती रास्त आहे.

१ जानेवारी २०१० रोजी आलेल्या 'नटरंग'ने सोलापूरला या चर्चेच्या मध्यभागी आणले. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधव यांचे दिग्दर्शन, अजय-अतुल यांचे संगीत आणि गुणा कागलकरच्या भूमिकेत अतुल कुलकर्णी. कुलकर्णी सोलापुरात वाढले आणि इथल्या 'नाट्य आराधना' या संस्थेतून त्यांची रंगभूमीवरची वाटचाल सुरू झाली, म्हणून शहराने हा चित्रपट घरचे कार्य असावे तसा पाहिला. पण इथला प्रेक्षक केवळ कौतुक करून थांबणारा नव्हता. तमाशा आणि संगीतबारी हा या जिल्ह्याला ऐकीव विषय नाही. मोडनिंबच्या कलाकेंद्रांमुळे ढोलकी, फड, बोर्डावर उभी राहणारी बाई आणि तिच्या मागे असणारे घर या सगळ्याची लोकांना जवळून माहिती आहे. त्यामुळे गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर 'नाच्या' होतो तेव्हा त्याच्या हाताच्या बोटांत काय बदल होतो, पाऊल टाकताना कंबर कधी आधी हलते आणि कधी नंतर, यावर मी लोकांना तासभर बोलताना ऐकले आहे. कादंबरी वाचलेल्यांचा आक्षेप वेगळा होता. पुस्तकातली गुणाची होरपळ गाण्यांच्या झगमगाटात हरवली, असे ते म्हणत. मला या आक्षेपात तथ्य वाटते, आणि तरीही त्या गाण्यांवाचून ही कादंबरी इतक्या लोकांपर्यंत पोचली नसती हेही तितकेच खरे वाटते.

'नटरंग'ची बोली कागलकडची होती आणि ती तशी असणेच योग्य होते. बोलीच्या न्यायाचा प्रश्न त्याआधी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वरून अमोल पालेकरांनी १९९५ साली केलेल्या चित्रपटातही होता, कारण ती माणदेशी बोली सांगोल्याच्या लोकांना घरची आहे. परंतु या बाबतीत प्रेक्षकाचा कान खऱ्या अर्थाने तयार केला तो एका रूपांतर नसलेल्या चित्रपटाने. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या तोंडून आपल्याच गावचे बोलणे पडद्यावर ऐकल्यावर, ग्रामीण भाषा म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच ठोकळेबाज बोली घालणे येथील लोकांना सहन होईनासे झाले. तेव्हापासून कादंबरीवरचा चित्रपट असो वा मालिका, पात्र कुठले आहे आणि ते बोलते कुठले, हा प्रश्न सोलापुरात पहिल्या मध्यंतरातच विचारला जातो.

तरुण वाचकांच्या दोन लाडक्या पुस्तकांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मिलिंद बोकीलांची 'शाळा' जानेवारी २०१२ मध्ये आणि सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' जुलै २०१३ मध्ये चित्रपटगृहांत आली. पहिलीत मुकुंद जोशी मनातल्या मनात जे बोलतो तेच पुस्तकाचे सर्वस्व आहे आणि कॅमेऱ्याला ते पूर्ण पकडता आले नाही, अशी हळहळ होती. दुसरीबद्दल, पुस्तकातली विषण्णता पुसून यारीदोस्ती उजळ केली, असा अनेक वाचकांचा राग होता. त्याच वर्षी महाविद्यालयातली कितीतरी मुले शिरवळकर मागत वाचनालयात आली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्नाचे रूप पालटले ते डिसेंबर २०१५ मध्ये. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेल्या 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या आणि वाद पेटला. त्या वादात इनामदारांनी काय लिहिले होते हे फार थोड्यांनी विचारले. आक्षेप होता तो इतिहासातल्या व्यक्तींच्या मानाचा. नऊ वर्षांनी 'छावा'च्या वेळी हेच अधिक ठळकपणे घडले. जानेवारी २०२५ मध्ये झलक प्रसिद्ध होताच संभाजी महाराज लेझीम खेळत असल्याच्या दृश्यावर हरकत घेतली गेली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकले. चित्रपट आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर आक्षेप नोंदवला आणि दिग्दर्शकांनी त्यांची क्षमा मागितली. न्याय आता एकट्या कादंबरीला द्यायचा राहिला नव्हता. तो इतिहासाला, घराण्याला आणि समाजाला द्यायचा झाला होता, आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेली सावंतांची कादंबरी हे स्वतः एका लेखकाने लावलेले अन्वयार्थाचे रूप आहे, ही गोष्ट या गदारोळात मागे पडली.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय अधिक हळवा होण्याला भूगोलही कारण आहे. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी माचणूरचा किल्ला उभा आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. महाराजांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी सुरू झालेली ही छावणी ना चित्रपटात आहे ना ती तिथे असण्याची गरज होती, पण माचणूरच्या सिद्धेश्वराला लहानपणापासून जाणाऱ्या माणसाने हा चित्रपट पाहिला, की त्याच्या डोळ्यांपुढे नदीकाठची ती तटबंदी उभी राहतेच. त्याला कादंबरी, चित्रपट आणि आपल्या पायाखालची जमीन या तिन्हींचा मेळ घालायचा असतो.

७ मार्च २०२५ रोजी 'छावा' तेलुगूतही प्रदर्शित झाला. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी हजारो कुटुंबे आहेत, आणि माझा एक मित्र त्यांपैकीच. त्याने चित्रपट आधी पाहिला आणि मग वाचनालयातून कादंबरी आणली. पुठ्ठा नव्याने बांधलेली, कडा मऊ पडलेली ती जाडजूड प्रत त्याने मला दाखवली. आधीच्या कोणीतरी समासात शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, एका पानावर 'हे सिनेमात हवे होते', पुढे दुसऱ्यावर 'हे घेतले आहे'. मित्राने अर्धी कादंबरी वाचून होईपर्यंत पेन्सिल उचलली नव्हती. येसूबाईंच्या एका प्रसंगापाशी आल्यावर त्याने पहिल्यांदा समासात तेलुगूत दोन शब्द लिहिले आणि पुस्तक परत करायची तारीख पुढे वाढवून आणली.