शिबिर, रेसिडेन्सी आणि मागे ठेवायचं चित्र

कोल्हापुरात 'रेसिडेन्सी' म्हटलं की ऐकणाऱ्याप्रमाणे अर्थ बदलतो. जुन्या माणसाला रेसिडेन्सी क्लब आठवतो आणि त्यामागोमाग संस्थानावर नजर ठेवायला बसवलेला इंग्रज साहेब. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात हा शब्द दोन-दोन रात्री न झोपलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा. उपनगरांतल्या अपार्टमेंटांच्या पाट्यांवर तर तो हमखास असतो. चित्रकारांच्या तोंडी, म्हणजे परगावी एखाद्या संस्थेत राहून-खाऊन काही दिवस आपलं काम करायचं या अर्थानं, तो बराच उशिरा आला. मला पहिल्यांदा परराज्यातून दोन महिन्यांचं बोलावणं आलं, तेव्हा आत्यानं विचारलं होतं, "रेसिडेन्सी? तू कधी डॉक्टर झालास रं?" सगळं समजावून सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "आणि त्याच्या बदल्यात त्यास्नी काय द्यायचं?"

पहिल्या प्रश्नावर घरात अजून हसतात. दुसरा प्रश्न मात्र या सगळ्या प्रकाराइतकाच जुना आहे.

१६६६ साली, चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, फ्रेंचांनी रोममध्ये आपली अकादमी काढली. पॅरिसच्या स्पर्धेत निवडला गेलेला तरुण सरकारी खर्चानं तिथं काही वर्षं राहायचा, जुन्या शिल्पांवरून हात बसवायचा आणि ठरल्याप्रमाणे दरवर्षी आपलं काम पॅरिसला पाठवायचा. ही रवानगी चुकवता यायची नाही. १८०३ पासून मुक्काम व्हिला मेदिची या टेकडीवरच्या वाड्यात हलला. उमेदवार तिशीच्या आतला आणि बिनलग्नाचा हवा अशी अट होती. बायकांना स्पर्धेला बसू द्यायला १९०३ उजाडलं. संगीतकार डेब्यूसी १८८५ मध्ये तिथं गेला. जागा आवडली नाही, माणसं आवडली नाहीत, आणि त्यानं पाठवलेल्या एका रचनेवर अकादमीच्या मंडळींनी धूसरपणाचा ठपका ठेवला. १८८७ मध्ये गडी परत. घरापासून लांब, फुकट राहून-खाऊन, तरीही कुरकुरणारा कलाकार ही काही आजची तऱ्हा नाही, एवढं यावरून कळावं.

अमेरिकेत १९०७ साली न्यू हॅम्पशरच्या जंगलात मॅकडॉवेल दांपत्यानं जी जागा सुरू केली, तिथं हिशेब बदलला. प्रत्येकाला झाडीत वेगळा स्टुडिओ, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं नाही. आत चित्र होतंय की झोप, हे बघायला कुणी येत नसे. त्या संस्थेच्या नावात 'कॉलनी' होतं, ते २०२० साली काढून टाकलं. शब्दाला वसाहतवादाचा आणि कुंपणाचा वास येतो म्हणून. आमच्याकडं कॉलनी म्हणजे सोसायटीचा गणपती आणि पाण्याच्या वेळेवरून भांडणं, त्यामुळं ती चर्चा वाचताना गंमत वाटली होती.

भारतात ही कल्पना तुकड्यातुकड्यानं आली. चेन्नईजवळ १९६६ मध्ये चोलमंडल हे कलाकारांनी स्वतः वसवलेलं गाव उभं राहिलं, पण ते कायम राहण्याचं. दिल्लीत गढीचे स्टुडिओ १९७६ चे. सत्तरच्या दशकात एका मराठी कवीनं अमेरिकेतल्या आयोवाच्या लेखक-उपक्रमात मुक्काम केला, त्याच्या गोष्टी इकडच्या साहित्यिक कट्ट्यांवर बरीच वर्षं चालल्या. आज आपण ज्याला रेसिडेन्सी म्हणतो त्याला जवळचं असं काही १९९७ नंतर दिसू लागलं. त्या वर्षी दिल्लीच्या काही कलाकारांनी मोदीनगरला देशी-परदेशी मंडळींची कार्यशाळा भरवली, आणि विकायला काही न करतासुद्धा पंधरा दिवस काम करता येतं, ही बातमी हळूहळू खाली दक्षिण महाराष्ट्रापर्यंत आली.

कोल्हापूरचं म्हणाल तर इथं उलटी परंपरा. इथं माणसं येऊन राहिली. शाहू महाराजांच्या दरबारात गायक अल्लादियाखाँसाहेब आले ते महाराज जाईपर्यंत, १९२२ पर्यंत, राहिले. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे.मध्ये शिकून परतले आणि मग कोटितीर्थाच्या काठी जे बसले ते तिथलंच पाणी, तिथलीच झाडं रंगवत राहिले. बाहेर जाऊन नाव काढायची संधी असलेला माणूस घरच्या तळ्यापाशी थांबला, याचं इथल्या चित्रकारांना अजून कौतुक आहे. माझ्या मते त्या कौतुकानं थोडं नुकसानही केलंय. 'रंकाळा सोडून कशाला जायचं?' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

परगावी राहून शिकण्याचं वावडं मात्र या गावाला कधीच नव्हतं. १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी राहिली, एकेका जातीची, धर्माची. दसरा चौकातून चक्कर मारली तरी त्यातली काही अजून दिसतात. खेड्यातून आलेलं पोर, ट्रंक, घरून येणारं पीठ, आणि 'आपण दुसऱ्याच्या अन्नावर आहोत' ही मनात रुतलेली जाणीव. आमच्या आधीच्या पिढीतले बरेच चित्रकार असेच कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगात राहून शिकलेले. त्यामुळं 'राहायला-खायला मिळतंय' म्हटल्यावर 'मग उपकार फेडायला पाहिजेत' हे त्यांच्या डोक्यात आपोआप येई. पुढच्या वादाची मुळं इथं आहेत असं मला वाटतं.

तो वाद शब्दाचा आहे: शिबिर आणि रेसिडेन्सी.

शिबिर आम्हाला पाठ होतं. नव्वदच्या दशकापासून, आणि २००४ ते २००८ या चित्रबाजाराच्या तेजीच्या काळात तर धो-धो, शिबिरं व्हायची. बँका, बिल्डर, सराफ, सगळेच भरवायचे. पाच ते दहा दिवस, दहा-पंधरा चित्रकार, एखादं रिसॉर्ट नाहीतर मंगल कार्यालय. गेल्या गेल्या ताणून तयार असलेले कॅनव्हास मिळत, बहुधा तीन बाय चार. संध्याकाळी गप्पा, गाणं. शेवटच्या दिवशी प्रदर्शन, पाहुण्यांचं भाषण, मानधनाचं पाकीट. चित्र आयोजकाकडं राहायचं. पाच दिवसांत तैलरंग वाळत नाहीत, आणि ओलं चित्र दुसऱ्याच्या हवाली कसं करायचं? म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक धरलं ते या शिबिरांपायी. शैलीतल्या बदलाची कारणं समीक्षक कुठं कुठं शोधतात. इथलं एक कारण वाळण्याचा वेग हे होतं.

२००८ च्या अखेरीस बाजार बसला आणि शिबिरांचे पैसे आटले. त्यानंतर एक-दोन वर्षांत काही आयोजकांनी पाटी बदलली. शिबिराच्या जागी 'रेसिडेन्सी' आली. मुदत पाच दिवसांची एकवीस दिवस झाली, मानधन निम्म्यावर आलं. अशाच एका ठिकाणी मी गेलो होतो, किनाऱ्याकडं. आठ जण होतो. पत्रात 'मुक्त प्रयोगासाठी अवकाश' असं लिहिलेलं. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक कागद सहीला आला: प्रत्येकानं किमान दोन कामं, ठरलेल्या मापाची, संस्थेला 'स्वेच्छेने' द्यायची. दोघं त्याच संध्याकाळी बॅगा भरून निघून गेले. मी सही केली. परतीचं तिकीट आयोजकांनी काढलं होतं आणि ते अठरा दिवसांनंतरचं होतं.

या प्रकरणावर कोल्हापुरात वर्षभर चर्वितचर्वण झालं. शाहू स्मारकमध्ये कुणाचंही प्रदर्शन असो, बाहेर चहा घेताना विषय हाच. ज्येष्ठांचं म्हणणं, "तीन आठवडे खाल्लंस, राहिलास, दोन चित्रं दिलीस तर तुझं काय गेलं?" तरुणांचं म्हणणं, रेसिडेन्सीत चित्र नाही, प्रक्रिया महत्त्वाची, चित्र मागितलं की ती रेसिडेन्सी उरत नाही. दोन्ही बाजूंना मी वेळोवेळी मान डोलावली आहे. पण आता मागं वळून बघताना शिबिरवाल्यांबद्दल मला जास्त आदर वाटतो. ते काय घेणार हे आधी सांगत. रेसिडेन्सीवालेही काहीतरी घेतातच: ओपन स्टुडिओ म्हणजे लोकांना बोलावून काम दाखवायचा दिवस, गावातल्या शाळेत कार्यशाळा, देणगीदारांसोबत जेवण, फोटोंचे हक्क. रोमहून पॅरिसला जाणारी ती वार्षिक रवानगीच वेगवेगळ्या कपड्यांत फिरते आहे. मागण्यात वाईट काही नाही. तिसऱ्या दिवशी मागण्यात आहे.

मराठी शब्द शोधायचेही प्रयत्न झाले. 'निवासी शिबिर' म्हटलं की योगासनं आठवतात. 'निवासी' हा शब्दच शाळेला आणि उपजिल्हाधिकाऱ्याला वाहिलेला. एका स्नेह्यानं 'कलावास' सुचवला, तर दुसऱ्यानं लगेच 'वनवास' जोडला आणि विषय संपला. रेसिडेन्सी राहिली ती राहिलीच.

तिथं गेल्यावर नेमकं काय होतं, हे इथल्या चित्रकाराच्या सवयी माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. कोल्हापुरी लँडस्केपवाला सहाला पंचगंगेच्या घाटावर असतो. हाफ शीट, पारदर्शक जलरंग, ऊन बदलायच्या आत काम पुरं. आठ-साडेआठला चित्र पिशवीत आणि माणूस मिसळीवर. अशा माणसाला दोन महिने दिले की पहिल्या चार दिवसांत आठ चित्रं होतात. पाचव्या दिवसापासून काय करायचं? शेजारच्या स्टुडिओतली मुलगी सकाळपासून एक दोरा भिंतीला लावते, काढते, परत लावते. तिला कुणी घाई करत नाही. आपल्याला मात्र नाष्ट्याच्या टेबलावर बसताना चोरट्यासारखं वाटतं. मी पहिल्या मुक्कामात आठव्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला लागलो होतो. बरं वाटलं.

हवासुद्धा शिकवते. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तासभर ओलाच राहायचा. रंग आपल्या मर्जीनं पसरत जायचा आणि सवयीनं दुसरा हात मारला की चिखल. डोंगरात उंचावर गेलो तेव्हा उलट, ब्रश उचलायच्या आत कड वाळून बसायची. वीस वर्षांचा हात दोन्हीकडं खोटा पडला.

आणखी एक फजिती सांगतो. घरून निघताना बायकोनं कांदा-लसूण चटणीची पिशवी दिली होती. ती प्रवासात फुटली आणि कागदाच्या गठ्ठ्याच्या कडेला तेल लागलं. रोज बघावं तर डाग आत सरकलेला, बोटभर, मग दोन बोटं. तेलावर पाणी धरत नाही. त्या लालसर कडेशी वॉश येऊन थांबायचा, मागं फिरायचा. कागद हातबनावटीचे, महाग, फेकवेनात. मग मी त्या कडेलाच किनारा मानून चित्रं केली. ओपन स्टुडिओच्या दिवशी आलेल्या प्रत्येकानं त्याच चित्रांसमोर उभं राहून विचारलं, ही रेघ कशानं काढली? मी खरं सांगितलं. एका बाईंनी वहीत लिहून घेतलं, पदार्थाच्या नावासकट.

अलीकडच्या दहा वर्षांत बरंच बदललंय. अर्ज ऑनलाइन, स्टेटमेंट इंग्रजीत, काही ठिकाणी फी डॉलरमध्ये. स्लाइड शोला दहा मिनिटं. 'तुमची प्रॅक्टिस काय?' या प्रश्नाला 'निसर्गचित्रं काढतो' हे उत्तर चालत नाही, त्यामुळं आमची पोरं आता पंचगंगेच्या पुरावर प्रकल्प लिहितात. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत, तेव्हा खोटं काही नाही. पण पत्राच्या मापानं विषय बेतला जातोय हेही दिसतं. कोरोनात घरबसल्या रेसिडेन्सीही निघाली होती. लांब जाण्यासाठीच जी गोष्ट आहे ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल टेकवून करायची. त्यावर न बोललेलं बरं.

मुख्य अडचण दिवसांची. इथले कितीतरी चित्रकार शाळेत ड्रॉइंग शिकवतात. सहा आठवड्यांची रजा कोण देणार? मे महिना सोडला तर त्यांना दारं बंद. बायकांचं त्याहून अवघड. रोमच्या वाड्यानं बिनलग्नाचा पुरुष मागितला होता. आज तशी अट कुणी लिहीत नाही, पण मुलाला सोबत आणता येईल का असं विचारलं की बहुतेक ठिकाणाहून उत्तर यायला वेळ लागतो. माझ्या ओळखीच्या एका शिल्पकार बाईंनी दोनदा निवड होऊन दोन्ही वेळा नकार कळवला. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ज केला नाही.

दोन वर्षांमागं बापट कॅम्पातला एक मुलगा अर्ज दाखवायला आला होता. घरात तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती करतात. याचं काम मातीतलंच, पण वेगळं, आणि चांगलं. निवड झाली, मुदत जुलै-ऑगस्ट. त्यानं विनंती केली, नोव्हेंबरात येऊ का, या दिवसांत घरचा सीझन असतो. चार ओळींचं सभ्य उत्तर आलं की तारखा सर्वांसाठी ठरलेल्या आहेत. मी म्हटलं, अजून एकदा लिहून बघ. तो म्हणाला, "नको काका, दादा एकटा पडतोय." त्या ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा तो शेडमध्ये पत्र्याखाली उकडत बसला होता, समोर मूर्तींची रांग, हातात शून्य नंबरचा ब्रश, आणि एकेक करत डोळे आखत होता. शंभरावर झाले होते.