बांधकाम यंत्रांचा चालन व दुरुस्ती खर्च

बांधकाम यंत्रांचा ताशी खर्च मालकी खर्च आणि चालन खर्च असा विभागतात. घसारा, व्याज, विमा पहिल्यात. डिझेल, वंगण, टायर, ऑपरेटर-हेल्परचा पगार दुसऱ्यात. दुरुस्तीबाबत मतभेद आहेत. काही लेखक इंजिन वा पंप उघडण्यासारखे मोठे काम घसाऱ्यासोबत मालकी खर्चात धरतात, इतर सर्वच दुरुस्ती चालन खर्चात.

दुसरा वाद आकारणीचा. प्रचलित पद्धतीत घसाऱ्याच्या ठराविक टक्क्यांनी दुरुस्ती धरतात. उदाहरणार्थ, ३० लाखांचे यंत्र, आयुष्य १०,००० तास, भंगारमूल्य १० टक्के धरल्यास घसारा ताशी २७० रुपये. दुरुस्ती त्याच्या शंभर टक्के धरली तर आणखी २७०. प्रत्यक्षात नवे यंत्र कमी खाते आणि जुने बरेच जास्त, त्यामुळे एकूण तासांनुसार चढता दर धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

पुणे परिसरात खडकाचा विचार वेगळा करावा लागतो. वरचा मुरूम सुटला की खाली काळा पाषाण (बेसाल्ट) लागतो. बकेटचे दात झिजतात, पोकलेनला ब्रेकर (दगड फोडणारा हायड्रॉलिक हातोडा) लावावा लागतो. चिझल (ब्रेकरचे टोकदार पाते) दगडावर न टेकता ठोके बसले तर थ्रू बोल्ट (ब्रेकरचे भाग एकत्र धरणारे लांब बोल्ट) तुटतात. ब्रेकरमुळे हायड्रॉलिक तेल तापते व त्यात कचरा जातो. एरवी २,००० तासांच्या आसपास बदलले जाणारे हायड्रॉलिक तेल केवळ ब्रेकर चालणाऱ्या यंत्रात साधारण ६०० तासांवर आणतात. फिल्टर त्याहून बरेच आधी. चेनच्या यंत्रात तळाचा भाग (चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट) एकूण देखभालीचा सुमारे निम्मा खर्च खाऊ शकतो. चेन ताणून ठेवली की बुश व स्प्रॉकेट लवकर जातात.

पिन-बुशला (सांध्यातील खिळ व तिच्याभोवतीची नळी) रोज ग्रीस हवे. ते चुकले की बुश लंबगोल होतो. खडखड आवाज येऊनही काम चालू ठेवले तर बूमचे (यंत्राच्या मुख्य हाताचे) भोकच वाढते. मग वेल्डिंगने भरणी करून लाइन बोरिंग (भोक पुन्हा सरळ रेषेत व मापात कोरणे) करावे लागते. त्यापुढे नव्या बुशचा खर्च किरकोळ.

यंत्र भाड्याने देताना भाडे डिझेलसह की डिझेल वगळून, हे आधी ठरते. इंजिन चालू ठेवून यंत्र उभे असले तरी अवर मीटर (चालू तास मोजणारा) फिरतो. ते तासही सर्व्हिसच्या हिशेबात येतात.